आप्पांच्या गच्चीवरची सुरती

"शेपूट सोडा! अरे, शेपूट सोडा आधी तिचं! ते काय लूमचं हँडल आहे, ओढलं की चालू व्हायला?"

आप्पा जिन्याच्या मधल्या वळणावर उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की ते सुरतेच्या गोडादऱ्यात शिंकले तर लांबच्या पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापडाचा रंग एक छटा फिका पडावा. जिन्याच्या वरच्या टोकाला, गच्चीच्या दारात, माझी म्हैस उभी होती. तिची दोरी खालच्या बाजूला माझ्या हातात, आणि शेपूट वरच्या बाजूला, शेजारच्या खोलीतल्या वऱ्हाडी फिटरच्या हातात.

"आप्पा, तुमी बाजूले व्हा ना आधी," फिटर म्हशीच्या मागून म्हणाला. "म्हैस आली तं पयले तुमचीच चपाती होते."

"माझी होऊ दे! तिच्या पोटाला धक्का लागता कामा नये! गाभण आहे ती!"

म्हशीनं त्या अंधाऱ्या जिन्याकडे पाहिलं. पायऱ्या मोजल्यासारखं केलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि 'तू हो पुढे' म्हणावं तसा एक लांब सुस्कारा सोडून तिनं दारातच बसकण मारली. आठ दिवसांपूर्वी हीच बाई गुळाच्या खड्यामागे हाच जिना चढून वर गेली होती, माहेरी निघाल्यासारखी.

समोरच्या घरातल्या गुजराती बेन खालून गल्लीतून म्हणाल्या, "भाई, नीचे ऊतरे त्यारे कहेजो हं. हुं मारी स्कूटी खसेडी लउं."

त्यांची स्कूटी पुढचे चाळीस दिवस जागची हलवावी लागली नाही.

आता तुम्ही विचाराल, गाभण म्हैस दोन मजले चढवून गच्चीवर नेतंच कोण? हा प्रश्न ज्यांनी आप्पांची खोली भाड्यानं घेतलेली नाही त्यांनाच पडतो.

गोडादऱ्यात खोली शोधत फिरलात तर घरमालक विचारतात, माणसं किती, मटण शिजवता का, पिता का. आप्पांनी मला दारात उभं करून विचारलं, "गावी किती?"

"दीड एकर."

"पाणी?"

"विहीर आहे. शिमग्यानंतर तळ दिसतो."

"जनावर?"

"एक कुत्रं आहे."

"दूध किती देतं?"

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "दीड एकर, विहीर, आणि जनावर म्हणून कुत्रं. मग ते कुत्रं राखतं तरी काय रे?"

ज्याला गावी जमीन नाही त्याला आप्पांकडे खोली नव्हती. मी गेलो त्याच दिवशी एक चांगला बँकेत नोकरी करणारा माणूस त्यांनी परत पाठवला होता, 'याच्याकडे एक गुंठाही नाही, भरवसा कसा ठेवायचा' म्हणून. डिपॉझिट मात्र ते घेत नसत. डिपॉझिटऐवजी गावाकडची शेरभर माती आणायची. ती ते चिमूटभर जिभेवर ठेवत, डोळे मिटत, आणि बाकीची डब्यात भरून डब्यावर खोलीचा नंबर टाकून जिन्यातल्या फळीवर ठेवत. पाच नंबरच्या माणसाची माती चाखून त्यांनी म्हणे सांगितलं होतं, "तुझ्या विहिरीला बाभळीची सावली आहे, आणि भावाशी तुझं बोलणं बंद आहे." दोन्ही बरोबर निघालं. दुसरं त्यांनी भिंतीपलीकडून फोनवर ऐकलं होतं असं लोक म्हणत, पण बाभळीचं काय?

आप्पा खानदेशातून मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले, मग जॉबर, म्हणजे लूमवाल्यांचे मुकादम, झाले, मग हे दोन मजल्यांचं घर बांधलं. एवढी वर्षं लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे डावा कान कामातून गेला होता. त्यामुळे माणसांशी ते ओरडूनच बोलत. जनावरांशी मात्र कुजबुजत. शेळीच्या कानाला तोंड लावून ते काय सांगत हे आम्हाला कधीच कळलं नाही, पण शेळी मान हलवायची, आणि आम्ही इतक्या वर्षांचे भाडेकरू असून आमच्याशी ते एकदाही हळू बोलले नाहीत, याचं आम्हाला मनातून वाईट वाटायचं.

सगळे भाडेकरू लूमवालेच. कुणी माझ्यासारखा खानदेशी, कुणी मराठवाड्याचा, फिटर यवतमाळचा. प्रत्येकाचा गावी एखाददुसरा एकर, आणि तो कसायला एक म्हातारी आई नाहीतर बायको. "तुम्ही इथं बारा तास लूम चालवता," आप्पा गरजायचे, "आणि तिकडं तुमची जमीन बारा महिने झोपते. लाज वाटू द्या! म्हैस म्हणजे काय? लूमच आहे. सुताऐवजी चारा घाला, कापडाऐवजी दूध काढा. फरक एवढाच, लूमला लाईट लागते आणि म्हशीला माया."

हे शिक्षण दर रविवारी गच्चीवर चाले. हजेरी घेतली जाई. न येणाऱ्याचं पाणी सोमवारी सकाळी बंद.

आणि ती गच्ची! निळ्या पिंपांत माणूसभर उंच गजराज गवत. एका कोपऱ्यात वाफा करून लावलेला लसूणघास, हिरवागार. दोन शेळ्या. आणि मध्ये तारेवर ओळीनं टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या. नाक्यावरच्या डॉक्टरकडून रिकाम्या बाटल्या आणायच्या, पाणी भरायचं, नळी वांग्याच्या बुडाशी सोडायची. थेंब, थेंब, थेंब. आम्ही त्या कोपऱ्याला दवाखानाच म्हणायचो. नवा भाडेकरू आला की आप्पा त्याला एका मिरचीच्या रोपाजवळ न्यायचे आणि चाक फिरवून थेंबांचा वेग दाखवायचे. "पाणी पाजायचं नसतं, चाटवायचं असतं. तू गावी पाट सोडतोस तेव्हा अर्धं पाणी मिरचीला जातं आणि अर्धं शेजाऱ्याच्या गवताला. शेजारी तुला कधी मिरची आणून देतो का?"

हसण्यावारी नेऊ नका. तीन नंबरच्या मराठवाड्यातल्या आईनं आप्पांचं फोनवर ऐकून मिरचीच्या बुडख्याला नळ्या टाकल्या, आणि जी विहीर होळीला दम सोडायची ती वैशाखापर्यंत मिरची पोसू लागली. फिटरच्या भावजयीकडे आप्पांच्या गच्चीवरून गेलेल्या दोन शेळ्यांच्या सात झाल्या. तेव्हापासून ती दर महिन्याला फोन करून फिटरला 'कसे आहात भाऊजी' असं विचारू लागली. आधी ती त्याला ओळखतही नव्हती म्हणे.

गच्चीचे दोन कायदे होते. पहिला, कोणतंही जनावर गच्चीवर आठ दिवस राहिल्याशिवाय गावी जाणार नाही. "बाजारात प्रत्येक जनावर गुणाचं असतं. जावयासारखं. आठव्या दिवशी खरं रूप कळतं." ते काय खातं, काय टाकतं, कसं बसतं, खोकतं का, हे आप्पा उशाशी बसून पाहायचे. दुसरा कायदा, जे गच्चीवर पडलं ते गच्चीचं. शेण, लेंड्या, पाला, सगळं वाफ्यात. एकदा पाच नंबरच्या बाईनं तुळशीसाठी लेंड्या मागितल्या तर आप्पांनी तळहातावर मोजून पाच दिल्या, आणि वर म्हणाले, "बागेचं तोंडचं काढून देतोय, लक्षात ठेव." माझा वाळत घातलेला टॉवेल एकदा वाऱ्यानं तारेवरून पडला. तो आजतागायत गच्चीचाच आहे.

तर माझ्या म्हशीचं. मी आणि बायकोनं मिळून बेत केला होता. ती गावी दोन पोरांसह सासूजवळ राहणार, मी लूमवर दोन वर्षं काढून म्हैस घेणार, म्हैस दुधाला लागली की मी गावी परतणार. आप्पांच्या सांगण्यावरून तिनं विहिरीच्या अंगाला घासाचा पट्टा केला, नळ्या टाकल्या, गोठा शाकारून घेतला, गव्हाण लिंपून ठेवली. राहिली होती फक्त म्हैस.

"आणि म्हैस घ्यायची ती सुरतीच!" आप्पा म्हणाले. "जग सुरतेहून साड्या नेतं. अरे वेड्यांनो, सुरतेची खरी चीज चार पायांची आहे! बेताचं अंग, विळ्यासारखी शिंगं, गळ्याला दोन पांढरे पट्टे, साडीच्या काठासारखे. खाते बेतानं, दूध देते घट्ट. दीड एकरवाल्यासाठी देवानं मापानं शिवलेली म्हैस आहे ती."

मी आणि आप्पा जाऊन घेऊन आलो. महिन्या-दीड महिन्यात वेणारी, शांत, डोळ्यांत तेलाचे दिवे. टेम्पो गल्लीत उभा राहिला तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, ही तरी थेट गावी जाऊ द्या. म्हैस आहे, शेळी नाही."

"कायदा सगळ्यांना सारखा," आप्पा म्हणाले, आणि खिशातून टेप काढला.

आणि इथे आमची चूक झाली. तिथे फिटर होता, मी होतो, तीन आणि पाच नंबर होते, सगळे कापडात हयात घालवलेले. आप्पांनी जिन्याचा पन्हा मोजला, तेहेतीस इंच. म्हशीचा पन्हा मोजला, अठ्ठावीस. "पाच इंच शिल्लक! बसते!" सगळ्यांनी मान डोलावली. कापड धुतलं की आटतं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे आज बसते ती आठ दिवसांनी जरा सैलच बसेल, असाच आमचा हिशेब. वाढणारा माल आमच्यापैकी कुणी जन्मात हाताळलेला नव्हता.

आठव्या दिवशी शेपटाचा तो प्रकार झाला. दहाव्या दिवशी आप्पांनी पुन्हा टेप लावला आणि काही न बोलता टेप खिशात ठेवला. ते बोलले नाहीत म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं. तीन नंबरनं देवाचं नाव घेतलं.

"किती?" मी विचारलं.

"बत्तीस," आप्पा म्हणाले. "आणि ती अजून फुगणार."

मग सुरू झाला आमचा गोडादऱ्यातला सुवर्णकाळ. रोज सकाळी लूमवर जाण्याआधी प्रत्येक खोलीनं एक भारा चारा दोरीनं वर ओढायचा. गल्लीतून वर पाहिलं की कठड्यावरून दोन शिंगं आणि एक विचारमग्न चेहरा दिसायचा. लोक लांबलांबून पाहायला येऊ लागले. एक रिक्षावाला तर 'म्हैसवाली बिल्डिंग' एवढ्या पत्त्यावर माणसं आणून सोडायचा. म्हशीला लूमच्या आवाजाची इतकी सवय झाली की तो चालू असेपर्यंत ती रवंथ करत डुलायची, आणि लाईट गेली, गल्लीतले लूम थांबले, की हंबरून सगळा गोडादरा डोक्यावर घ्यायची. लाईट गेल्याचं आम्हाला आधी म्हशीकडून कळायचं, मग पंख्याकडून.

आप्पांची वांगी त्या दिवसांत अशी वाढली की विचारू नका. म्हशीचं शेण रोज वाफ्यात, उरलेलं कोपऱ्यात ढीग करून. एक वांगं बेनना भेट दिलं, त्यांनी ते दोन दिवस उशीला घेतलं असं फिटर सांगतो. फिटरवर मी विश्वास ठेवत नाही, पण वांगं मी पाहिलं होतं.

गावाकडचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. मी बायकोला दर रविवारी सांगत होतो, पुढच्या रविवारी म्हैस घेऊन येतो. तिसऱ्या रविवारी मला खरं सांगावं लागलं.

"म्हैस गच्चीवर शे?" ती फोनवर म्हणाली. "अन् हेलिकॉप्टर कोठे शे, अंगणमा?"

"अगं, खरंच."

"खोटं बोलानं तर नीट तरी बोला."

पाचव्या रविवारी ती भांडली नाही, हे जास्त वाईट. म्हणाली, घास कापणीला आलाय, वाळून चाललाय, शेजारी त्यांची जनावरं आणू का विचारताहेत. येत्या अमावस्येपर्यंत गव्हाणीला म्हैस बांधली गेली नाही, तर घास वाटून टाकते, घराला कुलूप लावते, पोरांना आणि सासूला घेऊन सुरतेला येते आणि बाकीच्या बायांसारखी खोलीत बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते. मग दीड एकराचं काय करायचं ते तुम्ही आणि तुमचे आप्पा ठरवा.

मी फोन ठेवला तेव्हा आप्पा शेजारी होते. उजव्या कानानं सगळं ऐकलं असावं. ते म्हशीजवळ जाऊन बसले आणि पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलले.

"माझी चार एकर होती," ते म्हणाले. "पाण्याची. हा प्लॉट घ्यायला विकली. चढताना काही वाटलं नाही रे. गुळाचा खडा समोर होता. उतरायला गेलो तेव्हा..."

म्हशीनं त्यांची टोपी उचलून खाल्ली. आप्पा ताडकन उठले आणि त्यांचा आवाज पुन्हा पलसाण्यापर्यंत पोचला. मी मनातल्या मनात म्हशीचे आभार मानले. आप्पांना हळू बोलताना ऐकणं मला झेपणारं नव्हतं.

उपाय फिटरनं काढला. "आप्पा, अखंड लूम आपण चेन-कप्पीनं दुसऱ्या माळ्यावर चढवतो. म्हैस काय चीज हाये? झोळी बांधू अन् सोडू खाली." झोळीसाठी सेकंडच्या, म्हणजे डागी, साड्या आल्या, सात पदर एकावर एक. कप्पी गच्चीच्या तुळईला लागली. म्हशीआधी चाचणी कुणावर घ्यायची यावर मतभेद झाले, आणि ज्याची कल्पना त्याची चाचणी असा निकाल लागला. फिटर झोळीत बसला, हात जोडून, लग्नातल्या नवरदेवासारखा. पहिल्या मजल्यापर्यंत झोकात आला आणि तिथे साखळी अडकली. दीड तास तो गल्लीच्या वर लोंबकळत होता. बेननी खिडकीतून त्याला चहा दिला, मग खमण दिलं, मग आपल्या भाचीचं लग्न जमत नाही त्याची सगळी हकीकत सांगितली. खाली उतरला तेव्हा तो म्हणाला, "झोळी चांगली हाये. फक्त घाई असल तं बसू नका."

आप्पांनी गाभण म्हशीला झोळीत घालायला साफ नकार दिला. "व्याल्यावर पाहू. पोट उतरेल, मग झोळी."

ती एका रविवारी, भर वर्गात व्याली. आप्पा नळीचं तोंड कसं साफ करायचं ते ओरडून सांगत होते आणि अचानक वाक्य अर्धं टाकून म्हशीकडे धावले. अर्ध्या तासानं गच्चीवर पारडी होती, ओली, थरथरती, गळ्याला दोन पांढरे काठ. आप्पा तिच्या कानात काहीतरी कुजबुजत होते. लूम उघडून पुन्हा जोडणारा फिटर पिंपाला टेकून पांढराफटक पडला होता.

अमावस्या सात दिवसांवर होती. झोळीचा मुहूर्त पुढच्या रविवारचा, म्हणजे अमावस्येच्याच दिवशीचा ठरला. कप्पी नवी आली. साड्यांचे सातांचे नऊ पदर झाले. आप्पा आठवडाभर जेवले नाहीत, नुसती वांगी खाल्ली.

रविवारी सकाळी अर्धा गोडादरा गल्लीत. फिटर कठड्यावर चढून सूचना देतोय, तीन आणि पाच नंबर साखळीला लोंबताहेत, आप्पा म्हशीच्या कानात बोलताहेत आणि मधूनच आमच्यावर ओरडताहेत, त्यामुळे म्हशीला नक्की काय ऐकू येतंय ते तिलाच ठाऊक. म्हैस झोळी पाहून चार पाय ताठ करून उभी. एक पाय जरी चुकला तरी खाली फरशी.

आणि गर्दीतून आवाज आला, "ओ, कोठे शे मनी म्हैस?"

बायको. पॅसेंजरनं उधना स्टेशनला उतरून, डोक्यावर पिशवी घेऊन, रिक्षानं आली होती. तिला पत्ता विचारावा लागला नाही म्हणे. रिक्षावाल्यानं तोंडाकडे पाहूनच विचारलं, "म्हैसवाली बिल्डिंग?"

ती जिना चढून वर आली. गच्ची पाहिली, सलाईन पाहिल्या, नवरा पाहिला. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली, पारडीच्या तोंडात बोट घातलं. मग झोळीकडे वळली.

"दादा, हाई काय शे?"

"झोळी हाये, वहिनी," फिटर अभिमानानं म्हणाला. "म्हशीसाठी पाळणा समजा."

"पाळणा लेकरूले बांधतस, मायले नही." ती आप्पांकडे वळली. "आप्पा, गोण्या शेतस का?"

आप्पांकडे गोण्या होत्या. जनावरांखाली अंथरायला त्यांनी चिंध्यांच्या दाबून भरलेल्या पन्नासेक गोण्या जिन्याखाली साठवल्या होत्या. "आहेत ना! कशाला?"

"पायऱ्यासवर आथरा. दाबीसन."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच काही कळलं नव्हतं, पण तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की आप्पांनी स्वतः पहिली गोणी उचलली. पाऊण तासात जिन्याच्या पायऱ्या नाहीशा झाल्या. तळापासून गच्चीपर्यंत गोण्यांची उतरंड, वर तिनं पाणी मारून माती फासायला लावली. माती कुठून आणायची? जिन्यातल्या फळीवरचे डबे आप्पांनी एकेक करून उघडले. आम्हा सगळ्यांच्या शेतांची माती त्या जिन्यावर पसरली गेली. पाच नंबरनं भावाच्या हिश्शाची पण टाकली.

मग बायकोनं पदर खोचला, पारडी उचलून खांद्यांवर घेतली, चारी पाय छातीशी धरले, आणि मागे वळूनही न पाहता जिना उतरू लागली. पारडी ओरडली. एकदाच.

म्हशीनं कान टवकारले. दारात आली. खाली पाहिलं. पायऱ्या नव्हत्या, शेतातल्या वाटेसारखी एक उतरती वाट होती आणि त्या वाटेवरून तिचं लेकरू चाललं होतं. ती हुंकारली आणि उतरली. कुशी भिंतींना घासत, एकेक खूर जपून टाकत, पहिलं वळण, दुसरं वळण. आप्पा तिच्या मागे, हात पसरून, पडलीच तर झेलणार असल्यासारखे.

खाली गल्लीत म्हैस आली तेव्हा जो ओरडा झाला त्यानं लूम बंद पडले असं लोक सांगतात. बेननी स्कूटी खसकन बाजूला घेतली.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच दिवशी टेम्पोनं आम्ही निघालो, चंद्र नसलेल्या त्याच रात्री गव्हाणीला म्हैस बांधली. आज तिच्या त्या पारडीचीही म्हैस झाली आहे, पट्ट्यांसकट, आणि मी गावीच असतो. आप्पा रोज सकाळी व्हिडिओ फोन करतात. माझी ख्यालीखुशाली कधीच विचारत नाहीत. "म्हशीला दे," एवढंच म्हणतात, मी फोन तिच्या कानाला लावतो, आणि पलीकडून कुजबुज सुरू होते. मान हलवून हलवून ती ऐकते.

पण सांगायचं होतं ते त्या दुपारचं. टेम्पोत म्हैस चढली होती, पारडी तिच्या पुढ्यात बसली होती. आप्पा गल्लीत उभे होते, अंगभर माती, डोळे भरून आलेले, हात जोडून. सबंध गोडादऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई! या घरातली एक खोली तुझ्या नावानं राखून ठेवतो. भाडं नाही, डिपॉझिट नाही, जन्मभर! आणखी काय पाहिजे ते माग. आप्पा नाही म्हणणार नाही!"

बायकोनं पदराला हात पुसले आणि वर गच्चीकडे पाहिलं.

"गच्चीवरलं शेण आमनं शे, आप्पा," ती म्हणाली. "गोण्या रिकाम्या करा अन् भरीसन द्या."